शेवटची चौदा पानं

सिनेमा लागला त्या आठवड्यात मला एकच प्रश्न पन्नास वेळा विचारला गेला. "मॅडम, मूळ कादंबरी वाचली होती का?" माईक पुढं करणारी सगळी माझ्या लेकीच्या वयाची. मी आपली खरं ते सांगायची, "वाचली होती, शेवटची चौदा पानं सोडून." पोरं खो-खो हसायची. त्यांना वाटायचं, बाई विनोदी आहेत. एकानंही विचारलं नाही की बाई, चौदाच का, आणि शेवटचीच का. आता कुणी विचारत नाही तर मीच सांगते.

वाचली म्हणते, तेही अर्धं खोटं आहे. ती कादंबरी मी ऐकली. तासगावच्या बाजूला आमचं गाव आणि गावाबाहेर बेदाण्याची शेड. द्राक्षं वाळून बेदाणा झाला की त्यातल्या काड्या, देठ, काळे पडलेले मणी हातानं निवडून काढायचे, हे बायकांचं काम. दहा-बारा जणी समोरासमोर दोन ओळींत बसायच्या, प्रत्येकीपुढं एक पाटी. वर तापलेला पत्रा, खाली गोणपाट आणि नाकात गंधकाच्या धुरीचा वास. तो वास आजही कुठं आला की मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजला सुट्टी लागली की मीही आईशेजारी बसून निवडायची. नखांत चिकटा, ओढणीला चिकटा, केसांना चिकटा. तेव्हा वैताग यायचा, आता तो चिकटा आठवला तरी बरं वाटतं.

शेडमध्ये आधी रेडिओ होता. तो बिघडला आणि मुकादम दुरुस्तीचं नाव काढेना, तेव्हा आईनं गावच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. आई सातवी पास. वडील पलटणीत, त्यांची पत्रं यायची. स्वतःचं पत्र वाचून झालं की गल्लीतल्या बाकीच्या फौजींच्या बायका आपापली पत्रं घेऊन आईकडं यायच्या, त्यामुळं तिला मोठ्यानं वाचायची सवय होती. पण वाचत बसली तर हात थांबणार, मग पाटी कशी भरायची? त्यावर बायकांनीच तोड काढली. प्रत्येकीनं आपल्या निवडलेल्यातली एक-एक मूठ आईच्या पाटीत टाकायची. मुकादम आधी कुरकुरला. मग तोही दाराशी स्टूल टाकून ऐकायला लागला, आणि गोष्ट रंगात आली की "जरा सावकाश वाचा की, कुठं गाडी चुकतीया का?" म्हणून आईलाच दटावायचा.

आईचे दोन कायदे होते. एक, पुढं काय होणार हे तिला विचारायचं नाही. रोज संध्याकाळी घरी ती साबणानं हात धुऊन दुसऱ्या दिवशीची पानं आधी वाचून ठेवायची, शेडमध्ये अडखळायला नको म्हणून. त्यामुळं तिला पुढचं सगळं माहीत असायचं, पण जीव गेला तरी सांगायची नाही. मलासुद्धा नाही! मी रुसून बघितलं, भांडून बघितलं, एकदा पुस्तक पळवूनही बघितलं, तर तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. दुसरा कायदा, पुस्तकाला शेडमध्ये हात फक्त तिचा. मांडीवर ओलं फडकं ठेवायची, त्याला बोट पुसायची आणि मगच पान उलटायची. तरी डाग पडायचेच. वाचनालयाचे गुरुजी परत आलेलं पुस्तक नाकाशी धरून म्हणायचे, "वहिनी, वाचलंत का मुरवलंत?"

ही कादंबरी त्या उन्हाळ्यातली शेवटची. तिचं नाव इथं सांगत नाही, लेखकाला उगाच कशाला यात ओढायचं. गोष्ट मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या एका बाईची. तिचा नवरा दुसरी आणतो आणि हिला तिच्याच घरात मोलकरीण करून ठेवतो. आमच्या बायकांनी त्या नवऱ्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिल्या तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल. फक्त एक जण गप्प असायची, आईच्या उजव्या हाताला बसणारी मावशी. सख्खी नव्हे, आईच्या माहेरची, म्हसवडकडची, म्हणून मावशी. तिशीची असेल तेव्हा, पदरात एक लहान मुलगा. तिच्याही घरात दुसरी येऊन चार महिने झाले होते. सगळ्या शेडला माहीत होतं आणि कुणी तोंडातून चकार शब्द काढत नव्हतं.

एका दुपारी गोष्ट अशा जागी आली की ती बाई पहाटे उठते, कुणाला न सांगता रानातल्या विहिरीवर जाते आणि काठावर उभी राहते. मावशीचा हात पाटीत होता तसाच थांबला. मला वाटलं, गोष्टीत गुंगलीय. आईनं एकदा त्या हाताकडं बघितलं आणि पुस्तक मिटलं. "घसा बसलाय माझा. आता उद्या." बायका अशा चवताळल्या म्हणता! एक म्हणाली, बाईला काठावर उभी करून घरी चाललीस व्हय गं, जेवण तरी जाईल का आमाला? आई ढिम्म. फडकं धुतलं, पिशवी उचलली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवट वाचला. काय शेवट होता म्हणून सांगू! बाई काठावर उभी. तेवढ्यात कळपातून चुकलेली एक मेंढी येते आणि हिच्या तोंडाकडं बघून ओरडायला लागते. बाई म्हणते, थांब बये, तुला पाजते आणि मग जाते. पोहरा सोडते, पाणी काढते. ती पिते तोवर मागून दुसरी, मग तिसरी, चौथी. बघते तर सगळा कळपच विहिरीवर! आता एकीला पाजलं आणि बाकीच्यांना काय तहानेलं ठेवायचं? शंभर-सव्वाशे मेंढरं. ओढून ओढून खांदे निखळायची वेळ आली, ऊन डोक्यावर आलं आणि बाईला अशी भूक लागली, अशी भूक लागली की इथं कशाला आले होते तेच विसरली. "मेलं ते मरण," म्हणाली, "आधी भाकरी खाते." आणि कळपामागनं चालायला लागली. संपलं.

शेड हसून हसून लोळली. मुकादमानं डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाला. मावशी तेवढी तोंडात पदर कोंबून रडत होती. आई तिच्याकडं न बघता खाली मान घालून बेदाणा निवडायला लागली. त्याच महिन्यात मावशी मुलाला काखेत मारून नवऱ्याच्या घरातून निघाली आणि म्हसवडला भावाकडं गेली. गावानं आठ दिवस चघळलं, मग दुसरा विषय मिळाला.

माझं तर त्या शेवटानं भलं केलं. सांगलीत कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेत मी तोच विहिरीवरचा प्रवेश केला आणि पहिली आले. परीक्षकांनी पाठ थोपटली, म्हणाले, "मूळ शेवटाच्या बाबतीत स्वातंत्र्य छान घेतलंस हं." मी आपली मान हलवली. मोठ्या लोकांची बोलायची एक तऱ्हा असते, असं मनाशी म्हटलं आणि ढाल घेऊन घरी आले. तिथनं नाटकं, मग साताऱ्याकडं शूटिंग होणाऱ्या मालिका. पंचवीस वर्षं मी खाष्ट सासू आणि कजाग आत्या करत आले. पण नव्या कामासाठी कुणी काहीतरी करून दाखवा म्हणालं की मी मेंढरांना पाणी पाजायची. दर वेळी काम मिळायचं. आईला सांगितलं की ती नुसती हसायची आणि विषय बदलायची.

चार वर्षांपूर्वी आई गेली. आणि मागच्या वर्षी फोन आला की त्याच कादंबरीवर सिनेमा निघतोय, ती बाई मी करायची. मुख्य भूमिका, पन्नाशीला टेकलेल्या मला! फोन ठेवला आणि आईच्या फोटोपुढं बसून भोकाड पसरलं. म्हटलं, बघ, तुझ्या पाटीतली मूठ मला मिळाली.

साताऱ्यात एका बंगल्यावर आम्ही सगळे पटकथा वाचायला जमलो. दिग्दर्शक तरुण, हुशार आणि हट्टी. त्याचा नियम होता, कादंबरी कुणी वाचायची नाही. "पुस्तक वाचलेला नट कॅमेऱ्यापुढं पुस्तकच करतो. मला माणूस पाहिजे." माझ्या नवऱ्याचं काम करणारा नट पुण्याचा, त्यानं कादंबरी तीनदा वाचलेली, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. तो म्हणायचा, "ज्या विहिरीचं पाणी प्यायचं ती बघायचीसुद्धा नाही का?" चहा आला की दोघांची जुंपायची. मी मधे नाक खुपसून म्हणाले, "भांडू नका. मी तर एकोणिसाव्या वर्षीच वाचलीय, सगळी तोंडपाठ आहे." काय तो माझा तोरा!

पटकथेच्या शेवटच्या पानावर ती बाई विहिरीत उडी घेते. मी वाचता वाचता थांबले, परत वाचलं, आणि माझं टाळकं सरकलं. "हे काय केलंत तुम्ही? लेखकानं एवढा सोन्यासारखा शेवट दिलाय आणि तुम्हाला मुडदाच पाहिजे होय? मेंढरं कुठायत? कादंबरी न वाचता सिनेमा काढला की असं होतं!" बोलून मी सगळ्यांकडं बघितलं. नवऱ्यानं, म्हणजे त्या नटानं, चिठ्ठ्यांचं पुस्तक हळूच माझ्यापुढं सरकवलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मी दोन ओळी वाचल्या. त्यात विहीर होती, पाणी होतं आणि बाई नव्हती. मेंढरू तर औषधालाही नव्हतं.

"मॅडम," दिग्दर्शक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही नक्की वाचलीय ना?"

एवढी तोंडघशी मी आयुष्यात पडले नव्हते. डोकं दुखतंय म्हणून उठले आणि तशीच गावाकडं गेले. वाचनालय आता गुरुजींची सून बघते. तिनं कपाटाखालच्या खोक्यातून तीच जुनी प्रत काढून दिली, आईनं मुरवलेली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला आईच्या बोटाचा तपकिरी डाग. एका पानाला तर बेदाण्याची काडी चिकटून वाळलेली. मी एकेक डाग बघत पुढं गेले. बाई विहिरीच्या काठावर उभी राहते त्या पानापर्यंत डाग आहेत. त्यापुढं नाहीत. चौदा पानं, कोरी करकरीत. म्हणजे आईनं ती घरी, हात धुऊन वाचली होती, आणि शेडमध्ये उलटलीच नव्हती. त्या दिवशी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून तिनं सगळा शेवट मनानं सांगितला होता.

मला आधी आईचा राग आला. लय राग आला. पंचवीस वर्षं मी गावोगाव त्या मेंढरांना पाणी पाजत फिरले आणि ही बया नुसती हसत होती! एका शब्दानं तरी सांगायचं. मग पुस्तक मिटताना मला तो पाटीत थांबलेला हात आठवला आणि राग जागच्या जागी विरला. आईनं तो शेवट कुणासाठी बदलला याचा तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आणि लगेच दुसरं आठवलं, मावशी आहे अजून. साठीची झाली, म्हसवडजवळ मुलगा-सुनेकडं असते आणि माझी एकूण एक मालिका बघते. हा सिनेमाही बघणार. जे पान तिच्यापुढं उलटायचं नाही म्हणून आईनं दहा बायकांदेखत एवढा खटाटोप केला, ते पान मी, तिची पोर, पडद्यावर उलटणार. ती चौदा पानं वाचायची माझी हिंमत झाली नाही. प्रत तशीच गुरुजींच्या सुनेच्या हातात दिली.

दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं की मला जमायचं नाही. तो म्हणाला, तीन दिवस घ्या, मग सांगा. भूमिका सोडवतही नव्हती, खोटं कशाला बोलू. पन्नाशीत असं काम परत कोण देतंय? पण मावशीला न सांगता ते करणं म्हणजे आईशी बेइमानी. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं म्हसवड गाठलं.

मावशी अंगणात कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली गं सासूबाई! टीव्हीत लय वंगाळ वागतीस त्या पोरीसंगं. येक दिस येऊन कानफाडणार हाय तुला." मग जवळ घेतलं, तोंडावरनं हात फिरवला, आईसारखी दिसाय लागलीस म्हणाली. चहा झाला आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. सिनेमा, विहीर, कोरी पानं, सगळं. "मावशी, पुस्तकात ती बाई मरते हो. आईनं तुमच्यापुढं खोटं वाचलं."

मावशी कोकराचं तोंड पुसत राहिली. म्हणाली, "मरती ते मला तवाच म्हाईत हुतं."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? मला वाचाय येत न्हाई, पर डोळं हायती की. रोज तुझी आई फडक्याला बोट पुसायची आन पान उलटायची. त्या दिशी येकबी पान उलटलं न्हाई तिनं. किती येळ वाचत हुती, आन पान तेच. पुस्तकाकडं बघतबी नव्हती, माझ्या हाताकडं बघत हुती. म्हणलं, ही मनानं सांगतीया. म्हंजी पुस्तकातली मेली."

मावशी पुढं बोलली. "आगं, मी दुसऱ्या दिशी पहाटं जायाचं ठरिवलं हुतं. शेडच्या वाटंवरची विहीर, तू बघितलीयास की. नवऱ्याला कळलं न्हाई, सासूला कळलं न्हाई, हिला कळलं. आन कळल्यावर हिनं उपदेश केला न्हाई, रडली न्हाई, कुणाला सांगून माझी शोभा केली न्हाई. धा बायांत बसून माझ्यासाठनं मेंढरं गोळा करत बसली. घसा खरवडला तिचा, तरी येकेक मेंढरू आणत हुती. जल्मात माझ्यासाठनं कुणी येवढी मेहनत केली न्हवती. मग कसं जायाचं, तूच सांग."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कोकरू माझी ओढणी चघळत होतं, मावशीनं त्याला हाकललं. मग मी विचारलं, काम सोडून देऊ का? तशी ती खवळली. "सोडतीस कशापायी? पिक्चर हाय त्यो. मर की खुशाल. पर मी बघाय येणार, मला गाडी धाड."

गाडी पाठवली. माण भागातल्याच एका रानात शूटिंग होतं, जुनी दगडी विहीर, आत खोलवर जाळी बांधलेली आणि जाळीत गाद्या. मावशी सुनेला घेऊन आली आणि थेट दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसली, छत्रीखाली. तिला उठायला सांगायची कुणाची छाती झाली नाही, त्याचीही नाही. मी काठावर उभी राहिले. पटकथेत लिहिलं होतं, ती पाण्याकडं बघते. मी पाण्याकडं बघितलंच नाही. माझा हात कमरेपाशी होता, पदर खोचायला गेलेला, तो मी तसाच थांबवला. पाटीत थांबला होता तसा. तेवढंच केलं आणि उडी घेतली.

तीन वेळा उडी मारून घेतली माझ्याकडनं. तिसऱ्यांदा वर काढलं तेव्हा दिग्दर्शक धावत आला. म्हणाला, "तो हात कुठून आणलात? पटकथेत नाही तो." चिठ्ठ्यावाला नट म्हणाला, "कादंबरीतही नाही." आणि सवयीनं दोघांची तिथंच जुंपली, नटानं मूळ पुस्तक वाचावं का वाचू नये. त्यावर मला अजूनही ठाम काही सांगता येत नाही. ते पुस्तक मला कुणी वाचून दाखवलं आणि तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, एवढंच घेऊन मी काठावर गेले होते.

माझं कोपर सोलवटलं होतं. छत्रीखालनं मावशीनं हाक मारली. खुर्ची सोडून ती खाली जमिनीवर बसली होती, मांडीवर फडकं सोडलेलं, त्यात बाजरीची भाकरी, कांदा आणि ठेचा. "झालं न्हवं मरून?" म्हणाली. "ये हिकडं. आधी भाकरी खा."

मी तिच्या शेजारी बसले आणि खाल्ली.